घरातले दोन रायटर

आमच्या घरात दोन रायटर आहेत. एक मी, आणि दुसरा कॉम्प्युटरच्या डब्यात बसवलेला. सीडी-डीव्हीडीवर मजकूर उतरवणाऱ्या यंत्राला बाजारात सरसकट ‘रायटर’च म्हणतात. पहिल्या रायटरचं काम अडलं तर कुणाचं काही बिघडत नाही. प्रकाशक अधूनमधून फोन करतो, तोही आता सवयीने. दुसऱ्याने मात्र गेल्या पावसाळ्यात अचानक संप पुकारला, आणि त्याच्यापायी आठवडाभर घराची झोप उडाली.

या काळात सीडी कोण वापरतं, असं कुणीही विचारील. विचारणं रास्तच आहे. सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानात विकायला आला तो १९८२ च्या ऑक्टोबरात. ॲपलने २००८ साली तबकडीची खाचच नसलेला पातळ लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा लोक हसले होते. आज तशी खाच असलेला नवा लॅपटॉप शोधावा लागतो. आपल्याकडे नोएडाजवळ कोऱ्या सीडी कोट्यवधींनी बनवणारी मोझर बेअर ही कंपनी जगातल्या मोठ्या उत्पादकांत गणली जायची. २०१८ मध्ये तीही अवसायनात निघाली. थोडक्यात, तबकडीचे दिवस भरले, हे मान्य.

पण दिवस भरलेली माणसं जशी घराच्या एखाद्या खोलीत आपलं काम करत राहतात, तशी तबकडीही करते आहे. एमआरआय काढायला जा. अनेक ठिकाणी फिल्मबरोबर अजून सीडी हातात ठेवतात. कोर्टात तर तिला मानाचं पान आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद आठवतो का? उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, असा प्रश्न होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं चित्रीकरण तबकड्यांवर उतरवून पुराव्यात दाखल झालं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि अशा पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र कधी लागतं, याचा निवाडा १४ जुलै २०२० ला त्यातच झाला. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही सीडी-डीव्हीडीला स्वतंत्र चौकट आहे. सरकारदरबारी एखाद्या वस्तूला चौकट मिळाली, की ती सहजासहजी मरत नाही, हे बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या मला कुणी सांगायला नको.

आमच्या घरी मात्र कोर्टकचेरी नव्हती. आमच्या घरी आत्या होती.

म्हणजे आत्या रत्नागिरीला, तिच्या मुलीकडे. वय सत्त्याऐंशी. डोळ्यांनी आता नुसत्या आकृत्या दिसतात. तिचे यजमान, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी चिपळूण डेपोत झाली. माणूस बोलका, आवाज खणखणीत. निवृत्तीनंतर १९९८ च्या मे महिन्यात मी त्यांना समोर बसवून एक साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली. त्यात दोन भूपाळ्या आहेत, गाडीत विसरलेल्या फणसाची गोष्ट आहे, मधेच मांजराला हाकलणं आहे, आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे त्यांनी एका दमात म्हणून दाखवलेली गाडी. चिपळूण, सावर्डे, आरवली, संगमेश्वर, हातखंबा, रत्नागिरी. प्रत्येक थांब्याला कोण चढायचं, कोण पैसे ‘उद्या देतो’ म्हणायचं, कुणाच्या कोंबड्या तिकिटाविना जायच्या, सगळं तपशीलवार. अण्णा २००३ साली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी मी ती कॅसेट पुण्यात एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतली. एक आत्याला दिली, एक स्वतःकडे ठेवली. यात दूरदृष्टी वगैरे काही नव्हती, बँकेची खोड होती. आमच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा रोज संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची फ्लॉपीवर नक्कल निघायची. आजची, कालची, परवाची अशा तीन पिढ्या जपायच्या, आणि एक नक्कल दुसऱ्या शाखेच्या तिजोरीत. आग लागली तर दोन्ही शाखांना एकदम लागणार नाही, हा हिशेब.

आग नाही लागली, पाणी आलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. एसटी डेपो बुडाला. आगार व्यवस्थापक डेपोची रोकड सांभाळत तासन्‌तास बसच्या टपावर बसून राहिले, ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. आत्या वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली, खालच्या खोलीतली कॅसेट आणि सीडी गेली. ‘दुसऱ्या शाखेतली’ नक्कल तेव्हा कामी आली. मी घरच्या रायटरवर तिची नवी प्रत करून रत्नागिरीला पाठवली, आणि चार वर्षं रोज दुपारी चारच्या चहाबरोबर आत्याची गाडी चिपळूणहून सुटू लागली.

गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. ‘‘अगो, गाडी सावर्ड्यातच अडकली. सावर्डे, सावर्डे, सावर्डे... पुढे सरतच नाही बघ.’’

तबकडी रोज वाजवून झिजते, असा समज आहे. ग्रामोफोनच्या बाबतीत तो खरा. सुई खोबणीला घासायची. इथे घासायला काहीच नाही, नुसता प्रकाश पडतो. बिघडते ती हाताळणीने. न दिसणारा माणूस बोटांनी चाचपूनच तबकडी काढणार आणि ठेवणार. ओरखडा चकचकीत बाजूला पडला तर पुष्कळदा यंत्र तो सांभाळून घेतं. छापील बाजूला पडला तर कठीण, कारण प्रकाश परतवणारा पातळ थर त्या बाजूच्या लाखेच्या लगेच खाली असतो. आपण जपतो खालची बाजू आणि पेनने गिरगटतो वरच्या बाजूवर! आणखी एक. पुसायची तर गोल गोल फिरवून नव्हे, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल ओरखडा एकाच ठिकाणची पुष्कळ माहिती सलग खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी.

पेनड्राइव्हवर घालून दे, मोबाइलवर पाठव, असे सल्ले घरातून मिळाले. सल्ला देणाऱ्यांना डोळे होते. आत्याच्या प्लेअरला एक मोठं उंच बटण आहे, ते अंगठ्याने दाबलं की अण्णा बोलू लागतात. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर अंगठ्याला काय सापडणार? त्या प्लेअरला पेनड्राइव्हची जागा नाही, आणि तो इतका जुना की त्याला एमपीथ्री समजत नाही. त्याला हवी अस्सल ऑडिओ सीडी. तेव्हा तबकडी करायची, हे ठरलं. मी कोरी सीडी काढली, कॉम्प्युटर सुरू केला, आणि पाहते तो काय, रायटर जागेवरच नव्हता.

डब्यात होता, पडद्यावर नव्हता. जिथे ड्राइव्हची चित्रं ओळीने दिसतात तिथे रायटरचं चित्रच गायब. आदल्या आठवड्यात कॉम्प्युटरची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्याने अद्ययावत झाली होती. रात्री आपण झोपलेलो असताना ही मंडळी काम करतात आणि सकाळी ‘सगळं तयार आहे’ अशी पाटी लावून जातात. नाव कशाला घ्या? सगळ्यांची तीच तऱ्हा. घरी बोलावलेल्या दुरुस्तीवाल्या मुलाने दोन मिनिटांत निकाल दिला : ‘‘मॅडम, रायटर गेला. जुना झालाय. आता कोण वापरतं?’’

‘जुना झालाय’ हे निदान नव्हे, हे मत आहे. ते निवृत्त माणसापुढे तर मांडूच नये.

बँकेत हाताने खातेवह्या लिहायच्या काळात महिन्याअखेरीला ताळा जुळायचा नाही. अठरा रुपयांचा फरक. नवखा कारकून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत प्रत्येक नोंद तपासू लागायचा आणि रात्री दहाला रडकुंडीला यायचा. आमचे हेडक्लार्क आधी फरकाकडे बघत. फरकाला नऊने भाग जातो का? अठराला जातो, म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडले असतील. ५३ चे ३५ झाले असतील. मग फरकाची निम्मी रक्कम शोधायची. नऊ रुपये नावे टाकायचे ते जमेला पडले, की फरक बरोबर दुप्पट होतो. चूक शोधायची ती अशी, आधी ती कुठे असू शकत नाही हे ठरवून.

रायटरचंही तसंच केलं. डब्यावरचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला, दिवा लुकलुकला. म्हणजे वीज पोहोचते आहे. मग कॉम्प्युटर बंद करून सुरू केला आणि प्रणाली ताबा घेण्याच्या आधी जो यंत्राचा स्वतःचा प्राथमिक तक्ता उघडता येतो, ज्याला बायोस म्हणतात, तो उघडला. त्या तक्त्यात रायटर नावानिशी हजर! म्हणजे यंत्र जिवंत, तारा शाबूत, मदरबोर्डाची आणि त्याची ओळख कायम. बिघाड त्याच्या पुढे, प्रणालीने कारभार हाती घेतल्यानंतरचा. निम्मा प्रदेश एका फटक्यात बाद झाला, आणि नव्या रायटरचे पैसे वाचले ते निराळंच.

मग प्रणालीतली उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडली. तिथे रायटरच्या नावापुढे पिवळा त्रिकोण होता आणि आत कारण दिलं होतं : कोड १९. या आकड्याचा अर्थ, या उपकरणाबद्दलची रजिस्ट्रीतली नोंद अपुरी आहे किंवा बिघडली आहे. रजिस्ट्री म्हणजे प्रणालीचं मोठं रजिस्टर. हे वाचल्यावर मात्र माझ्या जिवात जीव आला. यंत्र बिघडलं तर मला कळणार नाही. रजिस्टर बिघडलं तर तो माझा प्रांत.

प्रकार असा असतो. सीडी उतरवण्यासाठी वेगळे प्रोग्रॅम मिळतात. त्यांतले काही स्वतःचा एक माणूस रायटर आणि प्रणाली यांच्या मधल्या वाटेवर बसवून देतात. त्याला फिल्टर म्हणतात. येणारं-जाणारं सगळं त्याच्या हाताखालून जातं. अशा मध्यस्थांची नावं रजिस्ट्रीत दोन याद्यांत लिहिलेली असतात, अप्परफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स. नवी प्रणाली येते तेव्हा जुन्या मध्यस्थाला ती कधी काढून टाकते, कधी त्याला कामावर घ्यायचं नाकारते. पण यादीतलं नाव तसंच राहतं. मग दर वेळी रायटर सुरू करताना प्रणाली यादी वाचते, मध्यस्थाला हाक मारते, तो येत नाही, आणि ती म्हणते, ‘पूर्तता झाल्याशिवाय मी या उपकरणाला हात लावणार नाही.’

दोन सह्यांचं खातं असावं, दुसरा सहीवाला कधीच संस्था सोडून गेलेला असावा, आणि ठरावातून त्याचं नाव कुणी कमी केलेलं नसावं, अगदी तसं. पैसे खात्यात आहेत, खातेदार समोर उभा आहे, आणि चेक मात्र परत! अशी खाती मी डझनांनी पाहिली आहेत. बहुतेक कुठल्याशा सार्वजनिक मंडळांची.

हा मध्यस्थ दर वेळी सांगून-सवरून येतो असंही नाही. २००५ साली सोनी बीएमजी या संगीत कंपनीने आपल्या काही ऑडिओ सीडींवर नकलेला आळा घालणारा एक प्रोग्रॅम घातला होता. गाणी ऐकायला सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की तो आत शिरायचा आणि स्वतःला लपवून टाकायचा. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ ला तो उघडकीला आणला, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली : त्याला सरळ उपटून काढलं, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा होत होता. कारण तेच, वाटेवर बसवलेला माणूस गेला आणि यादीतलं नाव राहिलं. पुढे खटले झाले, कंपनीला त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. विकत घेतलेल्या गाण्यांबरोबर पहारेकरी घरात येतो आणि त्याला घालवायला गेलं तर दारच निखळतं, हा प्रकार मला अजून अचंब्याचा वाटतो.

इलाज तसा छोटा. आधी रजिस्ट्रीच्या त्या पानाची नक्कल काढून बाजूला ठेवली. हे कुणीही चुकवू नये. मूळ रजिस्टरवर खाडाखोड करण्याआधी नक्कल, हा नियम आमच्याकडे शिपायालाही पाठ होता. ते पानही नेमकं सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या वर्गाचंच हवं. शेजारच्या पानांवर कीबोर्ड-माऊसच्या तशाच याद्या असतात, त्यांतलं नाव गेलं तर पुढचं टंकायचं कशाने? मग त्या दोन याद्या पुसल्या आणि कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. रायटरचं चित्र मुकाट आपल्या जागी येऊन बसलेलं. जुना प्रोग्रॅम काढून त्याची नव्या प्रणालीला चालणारी आवृत्ती घातली. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा हे सगळं पाहत होता. ‘‘काकू, तुम्ही कुठे शिकलात हे?’’ त्याने विचारलं. ‘‘खातेवहीत,’’ म्हटलं, तर त्याला तो एखाद्या संस्थेचा कोर्स वाटला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. कोरी सीडी घातली, काम सुरू केलं, आणि काही सेकंदांत नवा संदेश आला : पॉवर कॅलिब्रेशन एरर.

आपण ‘बर्न’ म्हणतो, पण तिथे जाळपोळ होत नाही. कोऱ्या सीडीत एका रंगद्रव्याचा थर असतो. लेसरची शक्ती वाढवून त्यावर नेमक्या जागी उष्णता दिली की तेवढा ठिपका बदलतो, आणि नंतर वाचताना तिथून प्रकाश वेगळा परततो. हे ठिपके आतून बाहेर जाणाऱ्या एकाच सलग वळणावर पडत जातात; ऐंशी मिनिटांच्या सीडीवरचं वळण उलगडलं तर साडेपाच किलोमीटरहून लांब भरेल. आता प्रत्येक कंपनीचा थर वेगळा, म्हणून लिहिण्याआधी रायटर तबकडीच्या अगदी आतल्या कडेला, राखीव जागेत, लेसर कमी-जास्त करून थोडं गिरवून बघतो. सहीच्या आधी आपण समासात पेन चालवून बघतो ना, तसं. शाई नीट उतरत नाही असं दिसलं की तो पुढे जातच नाही. दोष लेसरच्या वयाचा असेल, भिंगावरच्या धुळीचा असेल, किंवा कागदाचा.

पुन्हा तेच : कुठे नाही ते आधी. जुनी मूळ सीडी घातली, ती सुरेख वाजली. म्हणजे भिंगावर फार धूळ नसावी. माझ्या कोऱ्या सीडी मात्र कपाटात दहा-बारा पावसाळे काढलेल्या. म्हणून नव्या आणायला तपकीर गल्लीत गेले. एके काळी तिथे सीडींचे पन्नासाचे डबे रचून ठेवलेले असत; आता तीन दुकानांनी मान हलवली. चौथ्याने माळ्यावरून दहा नग काढून दिले आणि पैसे घेताना सहानुभूतीने विचारलं, ‘‘काकू, कोर्टाचं काम का?’’

घरी येऊन वेगही कमी केला. प्रोग्रॅम आपणहून सर्वांत जास्त वेग निवडतो. मी सोळापट ठेवला. अगदी मंद ठेवावा असंही नाही, कारण अलीकडच्या तबकड्यांचे थर अतिमंद वेगासाठी बनवलेले नसतात. आणि पर्याय निवडताना ‘ऑडिओ सीडी’ निवडलं. साध्या फाइली टाकल्या असत्या तर आत्याच्या प्लेअरने ओळखच दिली नसती.

यात एक हिशेब मला फार आवडला. त्याच ऐंशी मिनिटांच्या सीडीवर कॉम्प्युटरची माहिती मावते ७०० एमबी, पण आवाज मात्र त्याहून बराच जास्त मावतो. कारण प्रत्येक कप्पा २,३५२ बाइटांचा. आवाजाला तो पूर्ण वापरायला मिळतो. माहितीला त्यातले २,०४८ च मिळतात, आणि उरलेल्यांत कप्प्याची ओळख आणि चुका ओळखून सुधारण्याच्या जादा नोंदी असतात. गाण्यात एखादा कण हुकला तर कान तो भरून काढतो. हिशेबात हुकला तर कोण भरून काढणार?

सहा-सात मिनिटांत काम झालं. ट्रे बाहेर आला, तबकडी किंचित कोमट लागली. मी दोन प्रती केल्या. मग चहा घेऊन बसले आणि एक प्रत पूर्ण ऐकली. मांजर हाकलून झालं, गाडी सावर्ड्यातून निघाली, आरवलीला कोंबड्या चढल्या. एक प्रत पुठ्ठ्यात घालून रत्नागिरीला पाठवली.

चौथ्या दिवशी दुपारी सव्वापाचला आत्याचा फोन. एक तासाची गाडी ऐकून, चहा पिऊन, मग केलेला.

‘‘पोचली गो गाडी रत्नागिरीत. पण एक सांगू? हे संगमेश्वरला कधी इतके थांबत नसत.’’

मला आधी कळेना. मग ध्यानात आलं. जुन्या दुकानदाराने सगळी कॅसेट सलग उतरवली होती. मी या वेळी तिला सोयीचं पडावं म्हणून सहा भाग पाडले होते, म्हणजे बटणाने हवं तिथून ऐकता येईल. आणि प्रोग्रॅम प्रत्येक भागाच्या मध्ये आपणहून दोन सेकंदांची शांतता घालतो. आरवलीलाही ती पडलेली, पण तिथे कोंबड्यांचा गोंधळ असल्याने जाणवत नव्हती. संगमेश्वरला अण्णा श्वासही न घेता पुढे जातात, तिथे ती जाणवली.

दहातल्या आठ सीडी शिल्लक आहेत. प्रोग्रॅममध्ये दोन भागांच्या मधल्या वेळेची चौकट असते, तिथे दोनचं शून्य करता येतं. ते केलं आहे, आणि तिसरी प्रत आता रायटरमध्ये फिरते आहे.